ओब्दुलियाच्या हातातला झेंडू

मेक्सिको शहरातल्या आमच्या चाळीच्या तळघरात विशीतला एवारिस्तो रंगीत टेलिव्हिजन बनवत होता. लाल, हिरव्या, निळ्या काचांची चकती कॅमेऱ्यापुढे गरगरायची आणि पडद्यावर रंग उमटायचे. समोर बसायची त्याची थोरली बहीण ओब्दुलिया, हातात झेंडू धरून. झेंडूचा रंग आमच्याकडे पोराटोरांनाही पाठ, म्हणून पारख त्याच्यावरूनच व्हायची.

एकदा पडद्यावर तिचा चेहरा पिवळा दिसू लागला.

"अंगात त्राण नाही रे," ती म्हणाली.

"तू नीट बस गं. चकती बिघडलीय."

"चकतीची काळजी घे, माझी नको घेऊस."

आठ दिवस तो काचा बदलत राहिला. शेवटी पडद्यावर तिचे गाल छान गुलाबी झाले. मी शेजारीण, मीही मूर्खासारख्या टाळ्या वाजवल्या. पडद्यावरचा झेंडूही गुलाबी झाला होता, तिकडे आमचं लक्षच गेलं नाही.

चेहरा पिवळा दिसल्यापासून तेराव्या दिवशी ती काविळीने गेली.

मृतांच्या सणाला आम्ही दारापासून झेंडूच्या पाकळ्या पसरतो, म्हणजे गेलेल्यांना घर सापडतं. एवारिस्तो पसरत नाही. "तिला कुठल्या तोंडाने बोलावू?" म्हणतो.

आता तो म्हाताराय, लोकांचे टीव्ही दुरुस्त करतो. परवा माझ्या टीव्हीवर बातम्या देणारी बाई पिवळी दिसत होती, म्हणून त्याला बोलावलं.

"जरा रंग नीट कर रे," मी म्हटलं.

त्याने बटणाला हात लावला नाही.

"आधी तिच्या घरी फोन करा," तो म्हणाला, "ती बरी आहे का विचारा."