नंबर कोणी मोडला?

आधी एक कबूल करा, ऐकून झाल्यावर मला हसायचं नाही. चूक माझी होती, मान्य. पण निम्मी चूक त्या 'नंबर' शब्दाची आहे, आणि इंग्रज जाताना तो इथे विसरून गेले याबद्दल मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

मी डोणगावच्या शाळेत इंग्रजी शिकवते. फळ्यावर ठळक अक्षरात लिहून देते, नंबर म्हणजे संख्या. झालं, संपला विषय. पण आपली माणसं ऐकतात का? वर्गात पहिला येतो तो नंबर. शेताला गट नंबर, मोबाईलला नंबर, चष्म्याला नंबर. भाजी जमली की एक नंबर, धंदा वाकडा असला की दोन नंबर. पंगतीत जागा मिळाली नाही तर आपला नंबर पुढच्या पंगतीत. आणि आमचे बाबा तर गावात कुणी म्हातारं गेलं की चहाचा घोट घेत शांतपणे म्हणतात, "आता माहा नंबर." एका शब्दाला किती राबवून घ्यावं माणसानं?

तर बाबांच्या चष्म्याचा नंबर वाढला होता. यात गंमत नव्हती. आषाढ पौर्णिमेपासून आमच्या बुद्धविहारात वर्षावासाचं, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांचं, ग्रंथवाचन सुरू होतं, आणि ते कित्येक वर्षं बाबाच वाचतात. सगळी वस्ती ऐकायला बसते. यंदा घरी सराव करताना त्यांनी एकच ओळ दोनदा वाचली आणि खालची सोडून दिली. ही बातमी वस्तीतल्या सुखदेवमामांपर्यंत पोचली. ते लगेच म्हणाले, "यंदा मी वाचतो." आता सुखदेवमामा माणूस चांगला, पण एसटीची लाल गाडी थांबे सोडत जाते तसे ते शब्द सोडत वाचतात. बाबा नुसती पोथीवरची धूळ पुसत बसले. माझं काळीज तुटलं हो.

पौर्णिमा रविवारी होती. मेहकरला डोळ्याचे डॉक्टर शहरातून येतात ते फक्त मंगळवारी, आणि तपासतात फक्त तीस जण. मंगळवार एकच उरला होता. दवाखान्यात फोन केला तर तिथली मुलगी म्हणाली, "सकाळी येऊन नंबर लावा." एवढंच. कशात लावा, कुठे लावा, काही नाही.

साडेनऊला आम्ही पोचलो. काचेचं दार, आत रंगीत मासे, गुळगुळीत फरशी. दार बंद, आणि बाहेर चिटपाखरू नाही. मी मनात म्हटलं, वा, आपणच पहिले. बाबांना बाकावर बसवलं.

मग माझं लक्ष ओट्याकडे गेलं आणि डोकंच फिरलं. भिंतीला लोखंडी मांडणी, तिच्यावर पाटी, 'चपला येथे ठेवाव्यात'. मांडणी रिकामी. आणि दारापासून पायऱ्या उतरून थेट फाटकापर्यंत चपलाच चपला. वहाणा, सँडल, रबरी स्लिपर, एका लेकराचे बूट. मध्येच एक पाण्याची बाटली. मध्येच अर्धी वीट. डोळे दाखवायला येतात आणि भिंतीवरची एवढी मोठी पाटी वाचत नाहीत?

शाळेत रोज साठ पोरांच्या चपला जोडीनं लावून घेणारी बाई मी. मला राहवलं नाही. पदर खोचला आणि लागले कामाला. वरच्या फळीवर बायकांच्या, मधल्या फळीवर पुरुषांच्या, लेकराचे बूट खाली. बाटली खिडकीत ठेवली. वीट फाटकाबाहेर टाकून दिली.

"काय करून राह्यली वं माय?" बाबांनी आवाजाच्या दिशेनं विचारलं.

"काही नाही बाबा. लोकाइले जरा वळण लावून राह्यली."

दहा वाजता त्या मुलीनं दार उघडलं. त्याच वेळी समोरच्या हॉटेलातून सगळी गर्दी चहा-आलूबोंडे संपवून रस्ता ओलांडून आली. एवढी माणसं अनवाणी कशी, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. पडला नाही.

आणि एकदम गलका झाला.

"नंबर कोणी मोडले बे?"

"माहा तिसरा होता."

"तुहा कसा तिसरा? तिसरी मी. साखरखेर्ड्याहून पहिल्या गाडीनं आली मी, सासूले घेऊन."

पाहता पाहता सात जण तिसरे झाले. दुसरं मात्र कुणीच नव्हतं. मला वाटलं, नंबरांची वही असणार आणि कुणीतरी तिचं पान फाडलं. पहाटेपासून ताटकळलेली म्हातारी माणसं, आणि त्यांच्याशी असा खेळ? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी सरळ वरच्या पायरीवर उभी राहिले. तीस वर्षांची शिकवायची सवय, आवाज काही लहान नाही.

"शांत व्हा सगळे. ज्यानं कुणी हे केलं त्याला लाज वाटली पाहिजे. आपण शिकलेली माणसं म्हणवतो आणि दुसऱ्याचा नंबर मोडतो? असा माणूस सापडला तर त्याला सगळ्यांच्या शेवटी उभा करा. आणि सगळ्यांसमोर माफी मागायला लावा."

"बराबर हाये मॅडमचं," लोक म्हणाले. दोघा-तिघांनी टाळ्याही वाजवल्या. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

तेवढ्यात साखरखेर्ड्याची ती बाई म्हणाली, "पण मॅडम, लाईनीतल्या चपला उचलल्या तं उचलल्या, मांडणीवर इतक्या सोयीनं काऊन लावल्या असतीन?"

एक म्हातारा ओट्याखाली वाकून शोधत होता. "माही वीट कुठी गेली?" तो विचारत होता.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रेशनच्या दुकानापुढे पिशव्या ठेवून नंबर लावतात, हे मला माहीत नाही का? मी स्वतः ठेवल्या आहेत. पण ते रेशनचं दुकान हो. काचेच्या दाराच्या, रंगीत माशांच्या दवाखान्यात चपलांवरून नंबर लागतो, हे कोणत्या शहाण्याला सुचेल?

आणि आता खरं सांगते, मी गप्प राहिले. शिक्षा मीच सुनावली होती. सगळ्यांच्या शेवटी म्हणजे बाबांचा आजचा नंबर गेला, आणि रविवारी सुखदेवमामा पोथीसमोर. मी हळूच पायरी उतरले आणि गर्दीत मिसळायला लागले.

मागून बाबांचा आवाज आला. काठी टेकत ते उभे राहिले होते.

"माह्या पोरीनं उचलल्या. तिले वाटलं, पसारा हाये."

मी त्यांच्याजवळ जाऊन दबक्या आवाजात म्हटलं, "बाबा, सांगाची काय गरज होती?"

"रोज सकाळी पंचशील म्हणतो न मी, खोटं बोलणार नाही म्हणून. मंग रविवारी कोण्या तोंडानं वाचू?"

मी सगळ्यांसमोर माफी मागितली. मग ती मुलगी कागद-पेन माझ्या हातात देऊन म्हणाली, "आता तुम्हीच नंबर लावा मॅडम." पाऊण तास मी प्रत्येकाला विचारत होते, तुमच्या चपलेपुढे कोणाची चप्पल होती? तिचा रंग कोणता? अंगठा होता की पट्टा? फाटकाबाहेरून वीट शोधून आणली, तेव्हा कुठे बाविसावा नंबर सापडला. त्या विटेवर दोघं भाऊ होते. सगळे मिळून तीस झाले. बाबा एकतिसावे.

गंमत अशी की आमचा नंबर मुळातही एकतिसावाच होता. मी काही केलं नसतं तरी.

मुलगी म्हणाली, "तीसच पाहतात सर."

"बरं माय. पुढच्या मंगळवारी येतो," बाबा म्हणाले, आणि भिंत चाचपत पायरी शोधायला लागले. मला तिथेच रडू आलं. रडता रडता मी विहाराचं, वाचनाचं, सुखदेवमामांचं, सगळं बोलून टाकलं.

वीटवाल्या म्हाताऱ्यानं भावाकडं पाहिलं. "तू येशीन न पुढच्या हप्त्यात?"

"हाव. मले कोठी पोथी वाचाची हाये?" भाऊ म्हणाला, आणि मांडणीवरून आपल्या चपला काढून घेऊन गेलासुद्धा. त्याच्या पाया पडायचंही राहून गेलं.

दुपारी अडीचला बाबा आत गेले. डॉक्टरांनी भिंगं बदलून बदलून पाहिली, बाबांनी खालची बारीक ओळसुद्धा न अडखळता वाचली. शुक्रवारी चष्मा मिळेल म्हणाले. मी सुटकेचा श्वास टाकून बाबांचा हात धरला.

बाबा खुर्चीतून उठेनात.

"डॉक्टरसाहेब, एक काम करा. हिचाबी नंबर काहाडा. भर उजेडात तीस माणसाइची लाईन दिसली नाही हिले."

डॉक्टरांनी हसत हसत मला बसवलं. मी तणतणतच बसले. दोन्ही डोळे तपासले, अक्षरं वाचून घेतली आणि ते म्हणाले, "मॅडमचे डोळे अगदी उत्तम आहेत. नंबर नाही."

बाबांचा चेहरा पडला.

"नंबर नाही म्हणता?" त्यांनी काळजीनं विचारलं. "म्हणजे हिच्यावर इलाजच नाही."