वास थांबल्यावर
सडक्या अंड्याचा वास आला की मला मामा आठवतात. मी तेव्हा कोल्हापुरात पीएचडी करत होतो. काचेवर कथिलाच्या ऑक्साइडचा पातळ थर द्यायचा आणि तो थर असाच वास येणारा विषारी वायू कसा ओळखतो ते बघायचं, एवढंच काम. वायूचे रेणू त्या तापलेल्या थरावर बसले की मीटरचा काटा खाली यायचा. मामा साखर कारखान्यात सांडपाण्याच्या टाक्या धुवायचे. एका दुपारी ते माझा डबा घेऊन आले, तेव्हा वायूची नळी गळत होती. "ह्यो तर आमच्या टाकीचा वास हाय की," म्हणत ते स्टुलावर बसले. थोड्या वेळानं म्हणाले, "गेला बघ." काटा खालीच होता. खिडक्या उघडत मी म्हटलं, "वायू इथंच आहे मामा, तुमचं नाक बधिर झालंय." ते हसले. "मशीन बिघडलंय तुझं. आमी वास थांबल्याबिगर टाकीत उतरतच न्हाय." पुढच्या हंगामाआधी ते तसेच उतरले. टाकीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या त्यांच्या जोडीदारानं मला स्मशानात सांगितलं, "वास न्हाय आता, म्हणाले आन् गेले." अजूनही घरात तसला वास आला तर मी गटार, कचरा शोधत फिरतो; पण तो वास अचानक यायचा थांबला की पोरांना उचलून बाहेर पळतो.