अनिता सिस्टरची फिरती खुर्ची

परिसेविका, म्हणजे वॉर्डाची इन्चार्ज, झाल्याची ऑर्डर हातात पडली आणि अनिता सिस्टरला हसू आवरेना. शहापूर तालुक्यातल्या त्या रुग्णालयात तिची सगळी नोकरी बाळंतपणाच्या खोलीत गेली होती, आणि तीही उभ्याने. आता टेबल मिळणार, हाताखाली मुली मिळणार आणि मुख्य म्हणजे फिरती खुर्ची मिळणार. माहेरी धसईला जाऊन तिने ग्रामदेवीला नारळ वाढवला, आल्यागेल्याला पेढे दिले. पहिल्या दिवशी कुणी बघत नाही असं पाहून खुर्चीत एक गिरकीही घेतली. दारात नवी सिस्टर अपेक्षा उभी.

"मॅडम, गरगरलं तर सलाईन लावू का?"

पण आठवडा सरला नाही तोच खुर्ची टोचायला लागली. ड्युट्या लावा, औषधांचा साठा बघा, चादरी मोजून घ्या. आतून बाळाचं पहिलं रडणं ऐकू आलं की अनिता अर्धी उठायची आणि परत बसायची. आधीच्या इन्चार्ज बाई कधी आत धावल्या नव्हत्या, म्हणून आपणही धावणं बरं दिसत नाही, असं तिचं तिनेच ठरवलं होतं. जेवताना नवऱ्याला, जगदीशला म्हणाली, प्रमोशन नको असं लिहून देऊ का? जगदीश म्हणाला, खुशाल दे, फक्त वाटलेले पेढे परत मागायला मी जाणार नाही.

त्यातच तानसाकडच्या पाड्यावरची लहानी तपासायला आली. तिची आधीची दोन्ही बाळंतपणं अनितानेच केलेली, आता तिसऱ्या खेपेला आठवा लागला होता. अनिताला खुर्चीत बघून ती दारातच थबकली.

"तू आत नाय?"

"नाय गो. आता मला इथं बसवलंय."

अनिता सहज बोलली, पण आवाजात नको तेवढी खंत उतरली. लहानीने ती तशीच उचलून पाड्यावर नेली. आपल्या सिस्टरच्या हातून काहीतरी चूक झालीय, तिला कामावरून काढून कोपऱ्यात बसवून ठेवलीय.

दोन दिवसांनी जीप भरून बाया उतरल्या. पुढे लहानीची सासू सकुबाई, डोक्यावर करटोल्यांची टोपली. ती थेट डॉक्टरांच्या खोलीत शिरली. कलेक्टर आला असता तरी सकुबाईने त्याला 'तू'च म्हटलं असतं.

"दाक्तर, आमच्या अनिता सिस्टरची काय चूक झाली ती पोटात घाल. माणूस हाय, चुकतं. तिला परत कामाला लाव."

डॉक्टरांनी अनिताला बोलावून घेतलं. उलगडा झाला तेव्हा ते इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले, आणि अनिताला हसावं की जमिनीत शिरावं तेच कळेना. मग त्यांनी समजावलं, अहो आजी, ही आता मोठी झाली, सगळ्या सिस्टर हिच्या हुकुमात.

सकुबाईने जरा विचार केला.

"म्हणजे सासू झाली."

"हो, तसंच."

"मग सासू झाली म्हणून सुनेच्या बाळंतपणाला भाइर बसते का कोण? आमी त जास्तच आत घुसतो."

मागे लहानीने मान हलवली, गरजेपेक्षा जरा जोरातच. डॉक्टरांनी अनिताला विचारलं, बाई, तुम्हाला बसून राहा म्हणून सांगितलं तरी कोणी?

मग चहा आला. एवढ्या लांबून आल्यावर बायांना ती खुर्ची बघायचीच होती. एकेक जण बसून गिरकी घेऊ लागली, बाकीच्या ढकलू लागल्या, सगळा व्हरांडा खिदळायला लागला. लहानीला मात्र अनिताने दटावून बाकावर बसवलं. सकुबाईची पाळी आली आणि आतून अपेक्षाची हाक आली, बाळाचं डोकं दिसतंय. हाक खरं तर दुसऱ्या सिस्टरला होती. अनिताने बाह्या वर केल्या, सटवाईचं नाव घेतलं आणि धावत सुटली.

थोड्या वेळाने औषधांची खोकी घेऊन एक माणूस आला आणि इन्चार्ज बाई कुठे आहेत म्हणून विचारू लागला. खुर्चीत सकुबाई होती, पाय जमिनीला टेकत नव्हते.

"बाई कामाला गेली," ती ऐटीत म्हणाली. "तुजं काय काम हाय?"

आतून बाळाचं रडणं आलं. सकुबाईने टेबलाला हाताने रेटा दिला आणि आणखी एक गिरकी घेतली.