खंडेनवमीचा धूप

देवावर माझा विश्वास होता, पण तो देवघरापुरता. बॉनेट उघडलं की तिथे मीच देव, अशी माझी घमेंड. चाकणच्या कंपनीत इंजिनाच्या लाइनवर वीस वर्षं काढली की ती अंगात येतेच. गेल्या खंडेनवमीला निघोज्याच्या रस्त्यावर ती कशी उतरली, ते इथे प्रांजळपणे लिहितो.

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, आठवड्यातून तीनदा निगडीला डायलिसिसला न्यावं लागतं. सण असो की सुतक, ती वेळ चुकवून चालत नाही. एकदा उशीर झाला तेव्हा त्यांना लागलेली धाप मी अजून विसरलेलो नाही. त्या दिवशी अकराची वेळ होती. आदल्या संध्याकाळी मी पूजेसाठी गाडी धुतली आणि हौसेला मोल नाही म्हणत इंजिनावरही पाण्याचा जोरदार फवारा मारला. सकाळी हत्यारांची पेटी हळदकुंकू लावून देवापुढे मांडली. पूजेतलं हत्यार दसऱ्यापर्यंत उचलायचं नाही, हा घरचा नियम. त्यामुळे निघालो तो रिकाम्या हातांनी.

निघोजे मागे पडलं आणि गाडी रुसली. रेस सोडली की बंद. इंजिन कुठून तरी जादा हवा ओढतंय, हे आवाजावरून लगेच कळलं. पण कुठून? एकेक पाइप दाबून पाहिला, कान लावला, बोटं भाजून घेतली. रिक्षा हार घालून घरोघरी उभ्या होत्या, आणि फोनवर बोलावलेली टॅक्सी 'आलोच, आलोच' म्हणत फिरकलीच नाही. सव्वादहा झाले. एकेकाळी एसटी चालवलेले अण्णा माझ्या सीटवर बसून रेस धरून होते आणि वर मलाच चिडवत होते, "अरे, कंपनीत तुला पगार कशाचा देतेत?" मला हसू येईना. मनातल्या मनात म्हटलं, देवा, माझी अक्कल संपली, आता तूच बघ.

रस्त्याकडेच्या घरापुढे एक बाई ट्रॅक्टरला धूप दाखवत होत्या. धुपाटणं घेऊन त्या थेट आमच्याकडे आल्या. "उघडलंच हाय, तर ह्यालाबी दावते."

मी ओरडलोच, "ताई, लांब! पेट्रोल आहे, पेट घेईल!"

त्या दोन पावलं मागे सरल्या, पण रागावल्या नाहीत. तिथूनच ओवाळत राहिल्या. वाऱ्याने धुराची एक रेघ बॉनेटखाली आली, जरा तरंगली आणि इंजिनामागच्या एका कोपऱ्यात सुतासारखी सरळ आत ओढली गेली. पुन्हा आली, पुन्हा तिथेच गेली. कंपनीत गळती शोधायला आम्ही धूरच सोडतो, आणि मला ते आठवलंही नव्हतं! हात घातला तर रबरी पाइपाच्या टोकाला, खालच्या अंगाने, चीर. माझ्याच फवाऱ्याची करणी.

टोक कापून पाइप परत बसवला की काम होणार होतं, पण कापायचं कशाने? ताईंचा विळा कुंकू लावून ट्रॅक्टरपुढे ठेवलेला. मागायला माझी जीभ रेटेना. त्यांनी अण्णांकडे पाहिलं, विचारलं, "दवाखान्यात न्यायचंय व्हय?" मी मान हलवली. त्या विळ्याच्या पाया पडल्या आणि तो माझ्या हातात दिला. "घ्या भाऊ. माणसाच्या कामाला आला, हीच त्याची पूजा. देव न्हाई रागवायचा."

पाइप बसला. अण्णांनी गाडी पुन्हा चालू केली, रेस सोडली आणि इंजिन एका लयीत चालू राहिलं. अकराला पाच कमी असताना आम्ही निगडीत होतो.

अण्णा मशीनला लागले, गाढ झोपले. बाहेर बाकावर बसलो आणि मला एकदम रडू आलं, मग हसूही. कुणी योगायोग म्हणेल, म्हणू दे. आजवर कितीतरी दोष शोधले आणि शाबासकी घेतली. हा मात्र मला दाखवला गेला. कृपा धुपाटणं घेऊन दारात आली होती, मी तिला 'लांब' म्हणून ओरडत होतो, आणि ती तरीही ओवाळत राहिली.