वाटेवरचे गडद बार

पूनम भवानी पेठेत भाड्याच्या खोलीत राहायची आणि जनावरांच्या आजारांची पाहणी करणाऱ्या एका छोट्या संस्थेत कॉम्प्युटरवर काम करायची. मेंढपाळाच्या घरातली ती पहिलीच शिकलेली पोर. आईबाप, फुलाबाई आणि धुळा, अजून मेंढरं घेऊन गावोगाव फिरत. वसतिगृहात जायच्या आधी तीही त्यांच्यामागं चालली होती.

त्या हिवाळ्यात मेंढरांत देवीची साथ आली. कुठल्या गावात किती मेली, याचे आकडे पूनमकडं यायचे आणि ती त्यांचा आलेख करायची. बैठकीच्या आदल्या दिवशी संस्थेचे प्रमुख बसवराज सर स्क्रीनसमोर थांबले.

"सगळे बार निळेच आहेत, पूनम. साथ कधी कुठं आली ते कळायला पाहिजे. जुन्या आठवड्याला फिका रंग दे, नव्याला गडद."

एकेक बार निवडून ती रंग भरत गेली. आधी फिकट तांबूस, मग लाल, शेवटी वाळलेल्या रक्तासारखा. गावं अकारविल्हे असल्यानं रंग विस्कटलेले दिसत होते, म्हणून तिनं ती फिक्याकडून गडदाकडं लावली. बार्शी. वैराग. वडाळा. वळसंग.

माऊसवरचा हात तसाच राहिला. ही आबांची, तिच्या बापाची, दरवर्षीची वाट होती. आणि आई परवाच फोनवर म्हणाली होती, आमी वळसंगात हाय.

जिन्यात जाऊन तिनं फोन लावला.

"आबा, आपल्या मेंढरांत आजार हाय का?"

"न्हाय की. का गं?"

मागं एक मेंढी खोकली. मग आणखी दोन-तीन.

"खरं सांगा, आबा."

"फोड आलेत थोड्यांच्या तोंडावर," धुळा म्हणाला. "कुनाला बोलू नगंस. कळलं तर खतासाटी रानात कळप कोन बसवून घील? चांगली दिसत्यात तेवडी दुधनीच्या बाजारात इकून टाकतो."

पूनम जागेवर आली. सगळे बार एकदम निवडून तिनं राखाडी केले. आता ती नुसती गावं होती, कुणाच्या मागं कोण हे दिसत नव्हतं.

"रंग काढलास?" सरांनी विचारलं.

"गडद रंग बरा दिसेना, सर."

"बरं, तुला ठीक वाटतं तसं," म्हणून ते फोनवर बोलायला वळले. त्यांनी आणखी काही विचारलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. दुधनीच्या बाजारात कितीतरी कळप एकमेकांना घासत उभे असतात, ते तिला माहीत होतं. त्यांच्याबरोबर आईसारख्याच बायका असतात.

तिनं रंग परत आणले आणि सर फोन ठेवेपर्यंत उभी राहिली.

"सर, पुढचा बार दुधनीचा असेल. तिकडं निघालीत ती आजारी मेंढरं आमच्या घरची आहेत."

जनावरांच्या डॉक्टरांनी कळप अक्कलकोटच्या अलीकडं एका पडीक रानात अडवला. आसपासचे लोक बांधावर येऊन उभे राहायचे, जवळ मात्र कुणी येत नव्हतं. निम्मी मेंढरं गेली. खड्डे धुळानंच खणले. कुणी सांगितलं हे त्यानं विचारलं नाही, पण पूनमचा फोन त्यानं पुन्हा घेतला नाही.

फुलाबाई घ्यायची. एकदा बोलता बोलता ती अडखळली.

"एक ऱ्हायलंच सांगायचं, बाई. तुजा फोन यायच्या आदीच आबांनी वळसंगात चार मेंढ्या इकल्या. टेम्पोवाला व्हता कुनी."

"कुटं नेल्या?"

"ठावं न्हाय."

सोमवारी नवे आकडे आले. त्यात पंढरपूरच्या बाजूचं एक गाव होतं. तिकडं आबा कधीच मेंढरं नेत नसत; टेम्पो मात्र गेला असेल. पूनमनं त्याचा बार निवडला आणि रंगांची पट्टी उघडली. सगळ्यात गडद रंग आधीच वापरून झाला होता.

तिनं सरांना हाक मारली.