मोठ्या बाईंची मांडणी

मोठ्या बाईंच्या घरात पाऊल जोराने टाकणे हा अपराध होता. चपला काढून आत शिरणाऱ्याला नमस्काराआधी दटावणी मिळे, "हळू! सुई चालू हाय." लातूरच्या मुलींच्या शाळेच्या त्या मुख्याध्यापिका, मी त्याच शाळेत संस्कृत शिकवीत असे. शाळेतही त्यांच्या रागाचा दरारा होता, परंतु घरातला राग निराळा. तो एका तबकडीच्या रक्षणासाठी होता.

ती तबकडी त्यांच्या धाकट्या बहिणीची. बहीण देगलूरच्या घरी गाणे शिकली, हैदराबादेत तिच्या आवाजाची एकच तबकडी निघाली आणि ऐन तारुण्यात ती गेली. पुढे तबकडी काढणारी कंपनीही बुडाली. बाईंजवळच्या प्रतीखेरीज तो आवाज पृथ्वीवर अन्यत्र कोठेही उरला नव्हता.

त्या काळी गाण्याचे यंत्र काचेच्या शोकेसमध्ये, क्रोशाच्या रुमालाखाली मिरवण्याची रीत होती. बाईंना ती पाहवत नसे. एकदा त्यांनी आपला रेकॉर्ड प्लेअर साध्या लाकडी टेबलावर ठेवला, शेजारीच स्पीकर मांडला, आणि मला टेबलावर तळहात ठेवायला लावला. फळी थरथरत होती. बाई कडाडल्या, "शास्त्रीबुवा, हे टेबल पण गाऊन राहिलं. ह्याला कुणी बोलावलं?" नंतर तेच यंत्र त्यांनी स्वतः रचलेल्या मांडणीवर ठेवले आणि स्पीकर दूर भिंतीशी नेला. तंबोऱ्यावर साचलेला घुमारा निवळला, आणि पहिल्या स्वरापूर्वी त्या मुलीने घेतलेला श्वास मला ऐकू आला. देवघरात समई लागावी तसे मला झाले.

ती मांडणी दिसायला ओबडधोबड होती. लोखंडी पाइपांचे पाय, त्यांत ठासून भरलेली वाळू, वर शहाबादी फरशी, आणि फरशीखाली अर्धवट हवा भरलेली सायकलची ट्यूब. मांजरा नदी त्या वर्षीच्या दुष्काळात कोरडी पडली होती. "पाणी न्हाई तर न्हाई, वाळू तरी देईल," म्हणून बाईंनी नदीतूनच वाळू आणवली, चाळली, उन्हात वाळवली. गल्लीत बोअरचे यंत्र आले तेव्हा घरातली भांडी फळीवरून घरंगळू लागली. बाई रस्त्यात जाऊन उभ्या राहिल्या. "पाणी काढा, पण जरा हळू!" यंत्रावरचा माणूस हसला, "बाई, खाली काळा दगड हाय. त्याला काय कुरवाळू?" बाई तणतणत परतल्या, सुई टेकवली, आणि गाणे अखंड चालले. त्या दिवशी मांडणीकडे पाहताना त्यांच्या मुखावर जे समाधान होते, ते मी शाळेच्या उत्तम निकालावरही पाहिले नाही.

त्याच सुमारास लातूरचा नवा जिल्हा झाला. उत्सव ठरला, आणि या मातीतल्या गायिकेच्या गाण्याने त्याचा आरंभ करावा असे समितीच्या चिटणीसांच्या मनात आले. बाईंनी आधी साफ नकार दिला. मग बहिणीचा आवाज गाव ऐकेल या मोहाने त्या विरघळल्या. अट दोनच गोष्टींची होती. "मांडणीसकट न्या. आन् मी आल्याबिगर सुई टेकवू नका." चिटणीस म्हणाले, "हाव बाई, तुमचा हुकूम." टेम्पो यंत्र आणि तबकडी घेऊन गेला, जड मांडणी दुसऱ्या खेपेला नेतो असे सांगून अंगणातच सोडून गेला. ती खेप कधी झालीच नाही.

आम्ही मैदानावर पोहोचलो तेव्हा यंत्र फळ्यांच्या पोकळ व्यासपीठावर मांडलेले होते, दोन्ही बाजूंना माणसाएवढे स्पीकर होते, आणि सुई टेकलेली होती. स्पीकरने फळ्या हलत होत्या, फळ्यांनी सुई हलत होती, आणि ती थरथर पुन्हा स्पीकरमधून बाहेर पडत होती. बघता बघता त्या आवाजाची किंकाळी झाली. लोक कानांवर हात ठेवून हसत होते. इतक्यात पाहुण्यांच्या स्वागतासाठी कार्यकर्ते धाडधाड वर धावले आणि सुई तबकडीवर आडवी फरफटत गेली.

बाई व्यासपीठावर चढल्या. पाहुण्यांदेखत त्या चिटणीसांवर ओरडल्या, "जिल्हा सांभाळायला निघालात! एक तबकडी सांभाळता येईना?" चिटणीस म्हणाले, "बाई, पाव्हण्यांसमोर तमाशा नका करू. दुसरी आणून देतो की!"

दुसरी!

तबकडी फुटली नव्हती, परंतु आता दर फेऱ्याला 'खट्' असा घाव बसे. मांडणी जशी श्वास ऐकवी, तसाच तो घावही स्वच्छ ऐकवी. मला ते सोसवेना. मी म्हणालो, "बाई, ही टेबलावर लावावी. ओरखडा थोडा बुजेल."

"आन् तिचा श्वास न्हाई बुजणार?" बाई माझ्यावर अशा उसळल्या की मी पुन्हा तो विषय काढला नाही. अखेरपर्यंत त्यांनी ती मांडणीवरच, घावासकट, ऐकली. जाताना यंत्र, तबकडी आणि मांडणी माझ्या स्वाधीन केली.

बाईंच्या शोकसभेच्या आदल्या दिवशी चिटणीस माझ्या दारी आले. "शास्त्रीबुवा, ती तबकडी द्या. दोन मिनटं वाजवू, बाईच्या आत्म्याला बरं वाटंल." मी त्यांना आत बसवले आणि तबकडी मांडणीवर लावली. श्वास आला, स्वर आला, आणि खट्. पुन्हा खट्. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. ते मान डोलावत होते.

"बघा! उगा बोंब केली व्हती बाईनं," ते म्हणाले. "काय झालंय हिला? मस्त वाजून राहिली की!"

मी सुई उचलली आणि त्यांना दार दाखवले. क्षमेवर मी आयुष्यभर प्रवचने केली आहेत. रोज संध्येला बसतो तेव्हा मनातले पुष्कळ मळ धुतले जावेत अशी प्रार्थना करतो. या क्रोधाचे नाव मात्र मी देवापुढे अद्याप काढलेले नाही. तो त्याने नेऊ नये, एवढीच माझी इच्छा आहे.