पाण्याखालचं वर दाखवणारा कॅमेरा

मालवणला समुद्राच्या तळाशी जाऊन मासे बघायचं माझं पक्कं ठरलं, आणि आमच्या ह्यांनी कॅमेऱ्याचं खूळ डोक्यात घेतलं. पाण्याखाली चालणारा कॅमेरा पाहिजे म्हणजे पाहिजे. मी म्हटलं, "आवं, तिथली पोरंच व्हिडिओ काढून देत्यात की!" पण ऐकतील तर ते सुभेदार कसले. फौज सुटली, हुकूम काही सुटला नाही.

साताऱ्यात एकही पसंत पडेना, म्हणून मला घेऊन थेट सांगली गाठली. तिथल्या दुकानदाराने शांतपणे तीन-चार कॅमेरे समोर मांडले. "वहिनी, नवख्या माणसाला हा बरा. वेगळी डबी लागत नाही, असाच पाण्यात न्यायचा. बटण मोठं आहे. सोबत दिवा तेवढा घ्या, खाली गेलं की लाल रंग फिका पडतो."

"म्हंजी माझं कुंकू दिसायचं न्हाई म्हणा की," मी हसून म्हटलं. हे हसले नाहीत. त्यांचं एकच टुमणं चाललं होतं.

"ही खाली असताना मला होडीत मोबाईलवर दिसंल का?"

"नाही हो. पाण्यातून सिग्नल वर येत नाही. बाहेर आल्यावरच बघायचं."

"जरा भारीतला घेतला तर?"

"या कुठल्याच कॅमेऱ्यात ते जमणार नाही."

ह्यांचा चेहरा खर्रकन उतरला. माझं डोकंच फिरलं. एवढ्याशा गोष्टीवरून माणूस रुसतो का? "आवं, एवढंच असंल तर तुमीच या की खाली माझ्यासंगं!"

"मला पवाया येत न्हाई."

मी हबकलेच. अहो, आता घरात सून यायची वेळ झाली, आणि हे मला आज कळतंय? माझं माहेर कृष्णाकाठचं. पोरांना घेऊन मी घाटावर पोहायचे, तेव्हा हा माणूस काठावर कपडे राखत उभा असायचा. मला वाटायचं, फौजी ऐट आहे.

"आमच्या आटपाडीकडं पाणीच कुठं हुतं शिकाया," ते हळूच म्हणाले. आणि मग दुकानदारासमोरच बोलायला लागले. "काठावरनं नुसतं पाणी दिसतं गं. आतलं काय बी दिसत न्हाई. फौजंत असताना आमची गाडी नदीत गेली, तवा मी बाहेर फेकला गेलो. जोडीदार आत ऱ्हायला."

कोण जोडीदार ते मला सांगावं लागलं नाही. त्याच्या बायकोला दर दिवाळीला मी साडी नेऊन देते. अपघातात गेला, एवढंच मला माहीत होतं. हे तिथं होते, ते कधी ह्यांच्या तोंडातून निघालं नव्हतं. इतकी वर्षं एका ताटात जेवलो, आणि मला पत्ता नाही! मला राग आला, रडूही आलं. समजूत घालायची म्हणून जे तोंडाला आलं ते बोलून गेले.

"आवं, माझं बुडबुडं वर येतील की. तुमी होडीतनं त्येच बघत ऱ्हावा. बुडबुडं हायत म्हंजी मी हाय."

"त्याचं बी आलं हुतं," हे म्हणाले. "लय वेळ आलं. मग थांबलं."

दुकानदाराचे हात होते तिथेच थांबले. कसं बोलून बसले मी हे!

"ऱ्हाऊ द्या. मी न्हाई जात."

"जायाचं!" हे एकदम ओरडले. "इतकी वरसं मनात हाय तुझ्या. जायाचं म्हंजी जायाचं."

मग त्यांनी तो मोठ्या बटणाचा कॅमेरा उचलला, त्याचा पट्टा माझ्या मनगटात घातला आणि ओढून बघितला. पुन्हा एकदा ओढला. दुकानदाराकडे वळून म्हणाले, "ह्येला बांधाया दोरी मिळंल का? खालपास्नं होडीपातूर पुरंल अशी?"